सील तोडलेला खोका

"हा नको. तो लावा," म्हणत राघोने काउंटरमागच्या खोक्याकडे बोट केलं.

विशालने मागे वळून पाहिलं. तो खोका परत जायचा होता. काल टेम्पोतून दोन प्रोजेक्टर आले, त्यातल्या या एकाचा कोपरा दबलेला निघाला. सील न तोडता तो बाजूला ठेवायला शेठनी सांगितलं होतं.

"काका, हा बघा ना. एकदम नवा कोरा आहे."

"तो पण नवाच हाय."

धामणकर नाक्यावरच्या या दुकानात टीव्ही आणि मिक्सर रोज खपत. प्रोजेक्टर मात्र तीन महिन्यांत एकही गेला नव्हता, आणि विशालला ठेवलं होतं ते प्रोजेक्टर खपवायलाच. घरात थिएटर करायचं खूळ मुंबईत आलंय, भिवंडीला पोचायला कितीसा वेळ लागणार, असं तुळशीराम शेठना वाटलं होतं. वेळ लागला. या महिन्यात एक तरी प्रोजेक्टर गेला पाहिजे, नाहीतर तुझं तू बघ, असं त्यांनी सकाळीच विशालला सुनावलं होतं. आज एकोणतीस तारीख होती.

शेठ दुपारी जेवायला गेले आणि हे जोडपं दुकानात आलं. राघोच्या अंगात धुतलेला शर्ट-लेंगा, डोक्यावर टोपी. मागे पदर घट्ट धरून त्याची बायको काशी. दोघांच्याही पायांत रबरी चपला. दुसऱ्या एखाद्या शहरात सेल्समनने त्यांना टेबलफॅन दाखवला असता. भिवंडीत हा वेडेपणा कोणी करत नाही. इथे ज्याची चप्पल झिजलेली, त्याचीच जमीन नेमकी हायवेला लागून निघते. गेल्या वर्षी शेठनी असाच एक म्हातारा दारातूनच कटवला, तर त्याने समोरच्या दुकानातून चार एसी उचलले. तेव्हापासून शेठ समोर बघत नाहीत.

म्हणून विशालने दोघांना स्टुलं दिली आणि थंडा मागवला.

"कुठून आलात, काका?"

"राहनाळ. गोडाऊनवरनं."

राहनाळला गोडाऊन, म्हणजे जमिनीचा मालक! विशालला आतल्या आत आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "प्रोजेक्टर ठेवायची जागा केवढी आहे? त्यावरून पडदा ठरवू."

राघो जरा गोंधळला. "ठेवायची जागा? शंभर फूट तरी लांब असंल. वर पत्रा. खिडकी न्हाय एकपण."

अख्ख्या गोडाऊनचं थिएटर! विशालला फारसं नवल वाटलं नाही. अंजूरच्या एकाने एकमजली बंगल्याला लिफ्ट बसवली होती.

"अंधार मस्त मिळेल. पण मग जास्त उजेडाचा घ्या. हा दुसरा बघा..."

"मला दुसरं काय बघायचं न्हाय. तो दबलेला चालतो का, तेवढंच दाखवा. माझं सगळं त्याच्यावर हाय."

आता विशालला उमगलं. कोपरा दबलेला, म्हणजे भाव पाडायला जागा. म्हातारा पक्का होता.

"काका, त्याचं सील तोडलं की तो कंपनीला परत जात नाही. आमच्याच गळ्यात पडतो."

"परत न्हाय गेला तर बरंच."

गिऱ्हाइकाच्या तोंडून याहून गोड काय ऐकायचं? विशालने एकदा दाराकडे पाहिलं आणि ब्लेड चालवलं.

मागच्या खोलीत भिंतीवर पडदा होता. विशालने दिवा घालवून बटण दाबलं. प्रोजेक्टर तापेपर्यंत मिनिटभर काहीच दिसेना. काशीने डोळे मिटून घेतले होते. मग निळा उजेड पडला आणि डेमोच्या सीडीतला धबधबा भिंतभर कोसळू लागला. काशीने डोळे उघडले आणि त्याला हात जोडले. विशालने हसू दाबलं.

राघो मात्र कामाला लागला. पडद्याचे चारही कोपरे त्याने जवळ जाऊन पाहिले. पंख्याला कान लावला. भिंगावर टॉर्च मारायला लावून तडा नाही ना, याची खात्री केली.

"आता अर्धा तास असाच चालू ठेवा. तापून बंद पडला तर?"

इतकं पारखून घेणारं गिऱ्हाईक विशालने पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याबद्दल त्याला खरोखरच आदर वाटू लागला. धबधबा अकरा वेळा पहिल्यापासून सुरू झाला. प्रोजेक्टर काही बंद पडला नाही.

"एकदम ओके आहे, काका. पॅक करू?"

"त्याच्या आधी एक करा. काय बिघाड न्हाय, असं कागदावर लिवून द्या. खोक्यावरचा नंबर टाका. शिक्का मारा."

जमिनीच्या व्यवहारात मुरलेली माणसं शिक्क्याशिवाय पाणी पीत नाहीत, हे विशालला माहीत होतं. काउंटरवर येऊन दुकानाच्या लेटरहेडवर त्याने नंबर टाकला, 'अर्धा तास चालवून पाहिला, कोणताही बिघाड नाही' असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. राघोने कागद दोन्ही हातांनी घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

"तुमचं लय भलं होईल, साहेब."

साहेब! विशालला एकदम भरून आलं. तो बिलबुक आणायला आत गेला. बाहेर आला तेव्हा स्टुलं रिकामी होती. या लोकांचा सगळा व्यवहार रोखीचा, पैसे आणायला गेले असतील, असं म्हणत त्याने खोका नीट बांधून ठेवला आणि शेठना फोन लावला. "शेठ, एक गेला."

राहनाळला गोडाऊनच्या फाटकापाशी नवशा मुकादम शिफ्टची हजेरी घेत बसला होता. राघोने त्याच्यासमोर तो कागद धरला.

"मुकादम, परवा माझ्या हातनं पडला तो खोका चालू हाय. टेम्पोवाल्याला विचारून दुकान हुडकलं. सील पण तोडलंय त्यांनी, आता परत न्हाय यायचा. उद्यापासून मला पुन्हा हमालीला घ्या."