नेऱ्याचा खलिफा

गोळीच्या मधोमध रेघ होती. स्नेहलने बरोबर रेघेवर दाब दिला, तरी एक तुकडा किंचित मोठा निघाला. हैबतरावांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले.

"ह्यो मोठा कुनाचा?"

"दोन्ही तुमचेच, काका. एक आत्ता, एक संध्याकाळी."

हिंजवडीच्या कंपन्यांची हद्द नेरे गावाकडे सरकू लागली आणि जमिनीला भाव आला, तेव्हापासून हैबतरावांना घरातल्या प्रत्येक हातामागे खरेदीखत दिसे. मुलांच्या हातची गोळी चालत नसे, पुतण्यांची तर नाहीच. चंद्राबाईंचीही नाही, बायको झाली तरी तिला माहेर होतं, आणि माहेरी चार भाऊ होते. रक्तदाब एकशे नव्वदवर गेला, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. शेवटी माडीवरच्या खोलीतली भाडेकरू कामी आली. स्नेहल बीडची. ना गावची, ना जातीतली. तिच्या हातची गोळी हैबतराव निमूट घेत.

"त्या बगदादवाल्याचं सांग पुन्हा," ते म्हणाले. स्नेहलने प्रबंध लिहिला होता तो तिथल्या दरबारी वैद्यांवर.

"राज्य मुसलमानांचं, पण खलिफाचा वैद्य ख्रिस्ती."

"का? त्यांच्यात वैद्य नव्हतं व्हय?"

"होते की. पण खलिफाला भाऊ होते, मुलगे होते, चुलते होते. गादी सगळ्यांनाच हवी. हा वैद्य बिचारा गादीवर बसूच शकत नव्हता. म्हणून नाडी त्याच्या हातात."

"शाना गडी त्यो खलिफा," हैबतराव समाधानाने म्हणाले. "आमच्या भावकीत त्यो दोन दिस तरी टिकला असता."

अंगणात त्यांचा धाकटा मुलगा निरंजन मोटरसायकल पुसत होता. पुसून झालेली टाकी तो पुन्हा पुसत होता. दिवाळीपासून तो स्नेहलच्या एका उत्तराची वाट पाहत होता. प्रबंध जमा झाला की सांगते, असं ती म्हणाली होती. प्रबंध जमा होऊन महिना झाला होता.

"काका, समजा त्या वैद्याने खलिफाच्याच घरात नातं जोडलं असतं, तर?"

"म्हंजी घरचाच झाला?"

"हो."

"मंग त्याच्या हातचं औशद बंद." हैबतरावांनी अर्धी गोळी जिभेवर ठेवली, तांब्यातलं पाणी वरून प्यायले आणि मिशा पुसल्या. "पर खलिफानं दुसरा वैद्य हुडकावा की. एका गोळीपायी त्या बिचाऱ्यानं जलमभर परकंच ऱ्हायाचं व्हय?"

गोळी घशाखाली उतरल्याची स्नेहलने खात्री करून घेतली.

"मग काका, माडीला दुसरा भाडेकरू बघा," ती म्हणाली. "मी निरंजनला होकार देतेय."