चौथं माणूस

“तिघांचा फोटो अशुभ, असं तुम्हीच मला शिकवलंय. चौथं कुणीतरी घ्या,” कॅमेरा वत्सलाबाईंच्या कानात म्हणाला.

वत्सलाबाईंनी चष्मा सारखा केला. झोपाळ्यावर तर दोघंच होती, आबा आणि माहेरी आलेली त्यांची लेक इरावती. हा शिकवणारा कॅमेरा घेतल्यापासून वत्सलाबाईंचे फोटो सुधारले होते, हे खरं. आता त्यांच्या फोटोत कुणाचं मुंडकं छाटलं जात नव्हतं. पण आज मेल्याला झालंय काय? मागच्या भिंतीवर सासऱ्यांची तसबीर होती. ती मोजत असेल म्हणून त्यांनी ती उतरवली. झोपाळ्याखाली मांजर नाही ना, तेही वाकून पाहिलं.

“तसबिरी आणि मांजरं मी मोजत नाही. माणसांच्या हृदयाचे ठोके मोजतो. तीन आहेत.”

वत्सलाबाईंना आता कॅमेऱ्याचा नाही, लेकीचा संशय यायला लागला. चारच दिवस राहते म्हणत ही एवढी मोठी बॅग घेऊन आली. जावयाचं नाव काढलं की विषय बदलते. सकाळी चहाच्या वासानंच उठून गेली.

“आई, काढ ना लवकर!” इरावतीनं ओढणी पोटावर ओढून घेतली.

“तिसरी व्यक्ती स्पष्ट येत नाही,” कॅमेरा म्हणाला. “थोडं जवळ जा.”

वत्सलाबाईंनी कॅमेरा समोरच्या कपाटावर ठेवला आणि त्या लेकीला खेटून बसल्या.

“तिघांचा नको म्हणतोय,” त्या हळूच म्हणाल्या. “चौथी मी बसते.”

“अगं, तू बसलीस म्हणूनच तर तिघं झालो!” आबा हसले.

इरावती हसली नाही. तिनं आईचा हात घट्ट धरला.