बिनचाकांची शेगडी

"चाकं नकोत," म्हातारा म्हणाला.

दुकानदार बघतच राहिला. बागेत ठेवायच्या कोळशाच्या सगळ्या शेगड्या त्याने ओळीने मांडल्या होत्या. चकचकीत झाकणाची, घडी होणारी, एका हाताने ओढत नेता येईल अशी. म्हातारा प्रत्येकीला पायाने हलकेच ढोसून बघे. हलली की पुढे सरके.

"अहो, घ्या की ती चाकांची," म्हातारी म्हणाली. "तुमच्या कमरेचा आधीच आनंद आहे. ओढायची कोणी?"

"ओढायचीच नाही ती."

कोपऱ्यात एक बिडाची शेगडी पडली होती. पाय हत्तीचे, जाळी जाडजूड गजांची, वर बोटभर धूळ. म्हाताऱ्याने कड धरून जोर लावला. शेगडी जागची हलली नाही. त्याचा चेहरा उजळला.

"एकट्या माणसाला उचलवेल?"

"छे हो काका! दोन गडी लागतात, तेही तरणेताठे. म्हणून तर पडून आहे."

"हीच द्या."

"चार कणसं भाजायला हा रणगाडा कशाला?" म्हातारी करवादली. आणि बोलता बोलता थांबली.

दोन गडी. घरात दोनच होते. थोरला खालच्या मजल्यावर, धाकटा वरच्या. बागेतल्या झाडाची एक फांदी तोडण्यावरून वाजलं आणि तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप. "आई, त्याला सांग, पंप बंद कर." "आई, त्याला म्हणावं, तूच कर." निरोप पोचवता पोचवता जिना चढून-उतरून तिच्या गुडघ्यांची वाट लागली होती.

"माझी माणसं आत बागेत नेऊन मांडून देतील," दुकानदार म्हणाला. "त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"काही नको," म्हातारीच आधी बोलली. "फाटकात सोडा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसला.

संध्याकाळी शेगडी फाटकाच्या ऐन मधोमध बसली होती. थोरल्याची गाडी आत येईना, धाकट्याची बाहेर जाईना. थोरल्याने बाह्या सरसावल्या, एकट्याने उचलायला गेला आणि लालबुंद होऊन खाली बसला. वरच्या गॅलरीतून धाकटा बघत होता. थोड्या वेळाने जिन्यावर चपला वाजल्या. तो खाली आला आणि त्याने दुसरी कड धरली.

शेगडी उचलली गेली. मग मात्र आईमार्फत निरोप धाडायला कोणालाच सवड नव्हती.

"अरे, पायरी! पायरी आहे मागे!" थोरला ओरडला.

"दिसली रे! तू तुझी कड वर घे, सगळं वजन माझ्यावर टाकतोस!"

"लहानपणापासून तेच म्हणतोयस."

धाकट्याला हसू फुटलं, हातातली कड निसटता निसटता राहिली. धापा टाकत दोघांनी शेगडी झाडाखाली टेकवली.

"बाबा, इथे ठीक आहे ना?" थोरल्याने विचारलं.

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, तोवर म्हातारी म्हणाली, "इथे नको रे. धूर सगळा घरात येईल. पार त्या टोकाला न्या."

दोघं पुन्हा वाकले. म्हातारी जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिने पाय चांगले लांब पसरले.