पिंजाऱ्याची सोबत

वसमतचा पिंजारी गादी पिंजता पिंजता कापूस झोळीत दडवतो, असं बायांनी पंचफुलाबाईच्या मनात भरवलं होतं. म्हणून ती तूर निवडायचं निमित्त करून दिवसभर त्याच्यापुढं अंगणात बसून राहिली. संध्याकाळी तिनं मजुरी दिली, तर त्यानं त्यातली दहाची नोट परत केली.

"ऱ्हाऊ द्या माय. कापूस उडतो म्हून बाया दारं लावून घेतात. दिसभर आमच्यासंगं कोन बसतं?"

तेवढ्यात सून दिपाली घरातून लगबगीनं आली.

"आत्याबाई, आनला बगा तराजू! सकाळी कापूस जोखला तेवढाच भरतो का न्हाई, बगू."

पिंजारी तराजूकडं बघत राहिला. मग त्यानं आपली झोळी पंचफुलाबाईच्या पायाशी उलटी केली; नुसतं भाकरीचं फडकं खाली पडलं.