लोथारचे बदाम

परवाना कचेरीतल्या कॉम्रेड नाउकेने हेडविगने आणलेल्या नाताळच्या केकची पहिली चकती कापली. आत हिरवे तुकडे दिसत होते. केकची अदलाबदल झाली होती. नाउकेचा केक घरीच राहिला होता, लोथारसाठी बांधून ठेवलेला.

पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनच्या आपल्या स्वयंपाकघरात ती दर नाताळला दोन केक भाजायची. बदाम आणि बेदाणे पश्चिम जर्मनीतून भाऊ लोथार पाठवायचा, वर 'तुमच्याकडे कुठलं मिळायला' अशी चिठ्ठी. तो सगळा ऐवज नाउकेच्या केकमध्ये जायचा. भांडवलदारांना सभेत शिव्या घालणाऱ्या या माणसाला भांडवलदारांचे बदाम फार आवडत. लोथारच्या वाट्याला जर्दाळूच्या कडवट बिया आणि साखरेत मुरवलेले कच्चे टोमॅटो. त्याची लायकी तेवढीच, असं तिचं ठाम मत होतं. वरून पिठीसाखर थापली की दोन्ही केक सारखेच दिसत.

आज टेबलावर तिचा परवाना पडला होता. आई स्टुटगार्टला, लोथारच्या घरी, अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. नाउकेची सही झाली तरच सीमेपलीकडे जाता येणार होतं.

नाउके डोळे मिटून चघळत राहिला. मग त्याने बोटं चाटली.

"शत्रू तो शत्रूच, हेडविगबाई. पण बदाम खावेत ते त्यांचेच."

त्याने सही ठोकली. या ठोंब्यापायी आपण इतकी वर्षं चांगले बदाम वाया घालवले, याची तिला चीड आली. असल्यांच्या जिवावर अर्धं जग उरलेल्या अर्ध्यावर बॉम्ब रोखून बसलं होतं.

हेडविग पोचली तेव्हा आई शुद्धीत होती. तिने लेकीला ओळखलं आणि तिचा हात सोडलाच नाही. पलंगाशेजारी बसून लोथारने दुसरा केक कापला. आत पांढरेशुभ्र बदाम होते, त्यानेच पाठवलेले. एक घास खाऊन त्याने बशी बाजूला सारली.

"यंदा माझे बदाम तुम्हीच फस्त केलेत ना?"

"कशावरून, दादा?"

"तुम्हा लोकांना कळायचं नाही ते," लोथार म्हणाला. "आमच्या बदामाला जराशी कडवट चव असते. मागच्या वर्षी होती."