चौथ्या भागातला गाडीवान

सावेताने पेल्यातले चार थेंब जमिनीवर सांडले, गेलेल्या नवऱ्यासाठी, गावरिलसाठी, आणि मगच आलुबुखाराच्या दारूचा घोट घेतला. समोर बसलेल्या होरियाने आपला पेला केव्हाच रिकामा केला होता.

"मावशी, या वेळी पैसे मिळालेत," तो म्हणाला. त्याच्या रक्तपिशाचाच्या सिनेमाचा हा चौथा भाग. "आता जुन्या फिल्मचे तुकडे जोडायचे नाहीत. गाडीचा प्रसंग नव्याने घ्यायचा. गाडीवान बुखारेस्टहून येतोय. तुमचा घोडा आणि गाडी तेवढी द्या."

"आणि आमचा गावरिल?"

"अहो, काकांचा गळा पिशाचाने पहिल्याच भागात फोडला. तरी दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तेच गाडी हाकतायत! लोक शिट्ट्या मारतात. म्हणायची रात्र आणि घोड्याची सावली पायाखाली. त्यात काका सरळ कॅमेऱ्यात बघतात."

तो प्रसंग घेतला तो दिवस सावेताला आठवला.

ती भर दुपार होती. शेतात ओलं गवत पेटवून धूर केला होता, आणि कॅमेऱ्यावरच्या निळ्या काचेतून सूर्याचा चंद्र झाला होता. धुरातून गाडी तरंगत आली. इकडेतिकडे बघायचं नाही, असं गावरिलला दहादा बजावलं होतं. तरी त्याने मान वळवली. कॅमेऱ्यामागे सावेता जेवणाचं गाठोडं घेऊन उभी होती. फिल्म महाग, म्हणून ते तसंच राहिलं. पुढे गावरिल खरोखरच गेला. पण गावच्या सभागृहात पडदे ओढले, की धूर फाटतो, गाडी येते आणि तो मान वळवून अंधारातल्या सावेताला शोधून काढतो. ती दर वेळी मान हलवते. आणलंय रे, जेवण आणलंय.

"घोडा मेला," सावेता म्हणाली.

"कधी?"

"झाले की महिने. गाडी चुलीत घातली."

मागच्या तबेल्यात घोडा खणखणीत खिंकाळला.

होरियाने भुवया उंचावल्या. "मावशी, मेलेला घोडा खिंकाळतो?"

"तुझ्या सिनेमात मेलेली माणसं गाडी हाकतात. आमच्या घोड्याने नुसतं खिंकाळूही नये?"

होरिया हसला. मग हसू ओसरलं आणि तो तिच्याकडे बघत राहिला. "काका कुणाकडे बघत होते तेव्हा?"

"माझ्याकडे."

बाहेर बागेत धुकं उतरत होतं. होरियाने रिकामा पेला बोटांत फिरवला.

"तोच तुकडा जोडू मग," तो म्हणाला. "लोक पुन्हा शिट्ट्या मारतील, आधीच सांगतो."

"मारू देत मेल्यांना."

तिने दोन्ही पेले काठोकाठ भरले आणि आपला सरळ तोंडाला लावला.

"मावशी, काकांचे थेंब राहिले."

"राहू देत," सावेता म्हणाली. "त्याला गाडी हाकायचीय."