अरे-तुरे

"पोर रोज वर्गात असतं ना?" मुख्याध्यापिकाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"असते की. दुसऱ्या बाकावर," नववीचे वर्गशिक्षक म्हणाले.

"मग एकेचाळीस दिवस गैरहजर कसं?"

"ओ देत नाही ना! मी नाव पुकारतो, ती गप्प. ओ दिली नाही की गैरहजर. नियम सगळ्यांना सारखा."

मुलं या सरांना फूटपट्टी म्हणत. आज बाईंनाही मुलांचं पटलं. हजेरी कमी म्हणून ज्यांना परीक्षेला बसू द्यायचं नाही, त्यांची यादी टेबलावर सहीसाठी पडली होती. दुपारी बारापर्यंत ती वर पाठवायला हवी होती. यादीत एकच नाव होतं, आणि तेही पोराने शाळा उघडल्यापासून टाकून दिलेलं. मी मुलगा आहे, मला माझ्या नव्या नावाने हाक मारा, असं त्याने सरांना सरळ सांगितलं होतं. आईने तसा अर्जही दिला होता.

"त्या अर्जाचं काय झालं?"

"आदर समितीकडे आहे."

"आणि समिती काय करतेय?"

सर भिंतीकडे बघायला लागले. तिथे समितीचं पोस्टर होतं. झाडून सगळ्या धर्मांची चिन्हं, बाईचं चिन्ह, पुरुषाचं चिन्ह, वर इंद्रधनुष्य आणि खाली ठळक अक्षरांत 'आम्ही सर्वांचा आदर करतो'. कुणाचं चिन्ह कुणाच्या वर, यातच चार बैठका गेल्या होत्या. अर्ज पाचव्या बैठकीत घेऊ, असं समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. अध्यक्ष स्वतः मुख्याध्यापिकाबाईच होत्या.

बाईंना संताप आला, आणि तो नेमका कुणावर काढावा हेच कळेना. सरांवर काढावा तर निम्मा वाटा आपलाच. त्यांनी यादी उचलली.

"चला."

"कुठे?"

"हजेरी घ्यायला."

वर्ग उभा राहिला, बसला. बाईंनी रजिस्टर उघडलं. मुलग्यांची नावं निळ्या शाईत, मुलींची लाल. लाल नावांतल्या एका नावावर त्या थांबल्या. ते नाव घ्यायचं नव्हतं. दुसरं त्यांना माहीत नव्हतं. अर्ज त्यांनी वाचलाच कुठे होता?

"अगं," त्या सवयीने बोलून गेल्या. दुसऱ्या बाकावरच्या पोराने मान खाली घातली.

बाईंनी जीभ चावली. आता 'अरे' म्हणणार, तोच शेजारी सर खाकरले. "अर्ज मंजूर नाही अजून, बाई."

अगं नाही, अरे नाही. बाईंच्या तोंडून निघालं, "अहो!"

वर्ग फिसकन हसला. "जावईबापू!" मागून कुणीतरी म्हणालं. बाई मागे हटल्या नाहीत. "अहो, दुसऱ्या बाकावरचे. तुम्हालाच म्हणतेय."

पोर उठलं. "हजर."

"हे रोज शाळेत होतं का?" बाईंनी शेजारच्या मुलीला विचारलं.

"रोज होता, बाई. नाहीतर माझा अर्धा डबा कोण खातं?"

बाईंनी नाव विचारलं. दोनच अक्षरांचं होतं. त्यांनी लाल नावावर रेघ मारली आणि निळ्या शाईत नवं नाव लिहिलं. मग यादीतलं एकुलतं एक नाव खोडून खाली सही केली.

"समितीत न घेताच?" सर म्हणाले.

"समितीचं मी बघते. तुम्ही हजेरी बघा."

सरांनी रजिस्टर ओढून घेतलं. खाडाखोडीकडे बघून त्यांचा चेहरा कडू झाला. "बरं. मीही अहोच म्हणत जाईन. आपली आदर करणारी शाळा ना! अहो, बसा आता."

"अहो नको, सर," तो उभ्यानेच म्हणाला.

"मग काय साहेब म्हणू?"

"नको. ह्या बाकीच्या पोरांना म्हणता ना, तसं. अरे म्हणा."

कुणी हसलं नाही. सरांनी बाईंकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. नाव निळ्या शाईत होतं. निळ्या शाईतल्या कुणालाही सरांनी आजवर दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"अरे," ते पुटपुटले, "बस खाली."

तो उभाच.

"अरे, ऐकू येत नाही का? बस म्हणतोय ना!"

सर चांगलेच खेकसले होते. तरी तो बाकाला धरून अजून जरा वेळ उभा राहिला. त्याला आणखी एकदा ऐकायचं होतं.